जेरोंटॉलॉजी शिकायचीय? मग आधी तीन म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसा

जेरोंटॉलॉजीच्या, म्हणजे म्हातारपणाच्या अभ्यासाच्या, कोर्सचा फॉर्म भरायच्या आधी, युनिव्हर्सिट्यांच्या साइट चाळायच्या आधी एक काम करा. सत्तरीच्या पुढची तीन माणसं गाठा, शक्यतो स्वतःच्या घरातली नकोत, आणि प्रत्येकाकडे एकेक तास जाऊन बसा. सल्ला द्यायचा नाही, फोनमधलं काही शिकवायचं नाही, 'तब्येत कशी आहे'ने सुरुवात तर अजिबात नाही, नुसतं बोलतं करायचं आणि ऐकायचं. मी हे ॲडमिशन झाल्यावर केलं, तेही एका सरांनी पहिल्याच आठवड्यात असाइनमेंट दिली म्हणून. पहिले काका ७२ चे, त्यांनी उलट माझीच मुलाखत घेतली आणि माझं करिअरचं प्लॅनिंग किती कच्चं आहे ते मला नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या आजी ८४ च्या, चाळीस मिनिटं नुसतं हं आणि नाही, आणि मी उठायला लागले तर म्हणाल्या, बस ना, आत्ताच तर आलीस. तिसरे आजोबा कानाने अधू, आणि जो येतो तो आपल्यावर ओरडतो या एकाच गोष्टीने जगावर वैतागलेले. तिघांना एकाच शब्दात 'वृद्ध' म्हणून मोकळं होणं किती आळशीपणाचं आहे ते मला पुस्तक उघडायच्या आधीच कळलं.

तास संपला की स्वतःकडे बघा. कंटाळा आला असेल तर हरकत नाही, कंटाळ्यावर इलाज आहे, प्रश्न विचारायला शिकलं की तो जातो. पण दया आली असेल, नुसतीच दया, 'बिचारे' छाप, तर जरा थांबा. दयेच्या जोरावर डिग्री मिळते हो, पण कामाला लागल्यावर असा माणूस एकतर लवकर थकतो नाहीतर समोरच्या ८० वर्षांच्या माणसाला लहान मूल समजायला लागतो, आणि दोन्हीमध्ये नुकसान त्या म्हाताऱ्या माणसाचंच होतं. कुतूहल वाटलं असेल, 'ह्या असं का म्हणाल्या असतील' हा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिला असेल, तर पुढचं वाचा.

डॉक्टर नाही, नर्स नाही, मग काय?

हा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर ऐकायचाय, तर उत्तर तयार ठेवा. जेरोंटॉलॉजी हा शब्द १९०३ मध्ये एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने वापरात आणला, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे, पुढे १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेलही मिळालं. जेरियाट्रिक्स हा शब्द नंतरचा, १९०९ चा, न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरचा. फरक सोपा आहे. जेरियाट्रिक्स म्हणजे म्हातारपणातल्या आजारांचं वैद्यकशास्त्र, त्यासाठी आधी डॉक्टर व्हावं लागतं. जेरोंटॉलॉजी म्हणजे म्हातारं होणं या सगळ्या प्रकरणाचाच अभ्यास, पेशीपासून पेन्शनपर्यंत. शरीर का थकतं, स्मरणशक्तीचं काय होतं, रिटायर झाल्यावर माणसाची ओळख कुठे जाते, घराचा जिना कसा असावा, सांभाळणाऱ्या मुलीची नोकरी सुटते तेव्हा तिचं पुढे काय, कायदा काय म्हणतो, सगळं.

डॉक्टरांचं आणि आपलं काम कुठे जोडलं जातं ते समजायला मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंची गोष्ट वाचावीच. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये त्यांच्याकडे शेजारच्या गरिबांच्या दवाखान्यातले सातशेहून जास्त पेशंट आले, बरेचसे म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेवर पडलेले, 'आता काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेले. बाईंनी प्रत्येकाला नीट तपासलं, कोण कशामुळे पडून आहे ते वेगळं केलं, खाटेवरून उठवून चालायला लावलं, वॉर्डाची मांडणी बदलली, आणि त्यातले कित्येक जण चक्क घरी गेले. नवीन औषध वगैरे काही नव्हतं. कुणीतरी 'वय झालं' हे उत्तर मानायला नकार दिला एवढंच. कोर्समध्ये तुम्ही जे काही शिकाल त्याचा अर्धा भाग हाच आहे, 'वय झालं' या वाक्यामागे नक्की काय लपलंय ते शोधणं.

कोर्स निवडताना

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. नुसत्या जेरोंटॉलॉजीच्या डिग्रीवर बऱ्याच देशांत कुठलंही लायसन्स मिळत नाही. नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सोशल वर्कर यांची रजिस्ट्रेशन वेगळी असतात, त्यांच्या परीक्षा वेगळ्या असतात. त्यामुळे मला कुणी विचारलं की मी सरळ सांगते, हातात एक मूळ हुन्नर असू दे आणि त्यावर जेरोंटॉलॉजी चढवा. नर्सिंग करून मास्टर्स, सोशल वर्क करून सर्टिफिकेट, सायकॉलॉजीच्या बीएला जोडून मायनर (म्हणजे जोडविषय), आर्किटेक्चर किंवा डिझाइन करूनसुद्धा येतात लोक आणि त्यांना काम चांगलं मिळतं. बारावीनंतर थेट जेरोंटॉलॉजीत ग्रॅज्युएशन करायचं असेल तर करा, वाईट काहीच नाही, पण मग दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवा की पुढे थेट माणसांबरोबर काम करायचंय, संस्था चालवायचीय, धोरणात जायचंय का संशोधनात, कारण तिथून रस्ते फुटतात. आणि ज्या देशात नोकरी करायची त्या देशाचे नियम आधी वाचा. डिग्री एकीकडची आणि नोकरी दुसरीकडे करायची असेल तर हे दोनदा वाचा.

नावावर जाऊ नका. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्नियाच्या युनिव्हर्सिटीत १९७५ मध्ये फक्त जेरोंटॉलॉजीचं असं पहिलं वेगळं स्कूल निघालं, नाव मोठं आहे, पण तुमच्या गरजेचा कोर्स तिथेच असेल असं काही नाही. आणि गंमत सांगते, स्क्रिप्स जेरोंटॉलॉजी सेंटर म्हणून एक जुनं केंद्र आहे, मुळातली संस्था १९२२ ची, ते मायामी युनिव्हर्सिटीत आहे, आणि ही मायामी युनिव्हर्सिटी समुद्रकिनाऱ्यावरच्या मायामीत नाहीच, ती ओहायोत आहे, ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात. तर लोकसंख्येच्या वृद्धत्वाचा अभ्यास करणारी प्रसिद्ध संस्था इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डमध्ये. म्हणून पत्ता नीट वाचा, मी एका मैत्रिणीला बीचचे फोटो काढायला सांगून बसले होते.

मग बघायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट आधी बघा, बाकी सगळं नंतर: फील्डवर्क किती तासांचं, कुठे, आणि सोबत सुपरवायझर कोण. 'इंडस्ट्री एक्सपोजर' वगैरे लिहिलेलं असेल तर ईमेल करून आकडा मागा. दोन दिवस एका वृद्धाश्रमात नेऊन गाणी म्हणून परत आणतात त्याला फील्डवर्क म्हणत नाहीत. हॉस्पिटल, घरपोच सेवा, डे सेंटर, डिमेन्शियाचं (म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांचं) युनिट, अशा निदान दोन वेगळ्या जागी जायला मिळालं पाहिजे, कारण फक्त आजारीच म्हातारे बघितले तर तुम्हाला वाटायला लागतं की सगळे म्हातारे आजारीच असतात, आणि हा चश्मा नंतर उतरता उतरत नाही. त्याखालोखाल बघा स्टॅटिस्टिक्स आणि रिसर्च मेथड्स आहेत का, बायॉलॉजीचा निदान एक पेपर आहे का, आणि आधीच्या दोन-तीन बॅचची मुलं आत्ता काय करतायत. हे शेवटचं कॉलेजला विचारू नका, त्या मुलांनाच गाठून विचारा.

अभ्यास कसा करायचा

थिअरी लोकांना रटाळ वाटते कारण ती पाठ करतात. पाठ करू नका, प्रत्येक थिअरीला एक माणूस चिकटवा. १९६१ मध्ये कमिंग आणि हेन्री यांनी डिसएंगेजमेंट थिअरी मांडली, म्हणजे वय वाढतं तसा माणूस आणि समाज एकमेकांपासून हळूहळू सुटत जातात आणि हे नैसर्गिकच आहे. हॅविगहर्स्ट वगैरे मंडळी नेमकं उलट म्हणत होती, की जो कामात, माणसांत राहतो तो जास्त समाधानी. मग ॲचली आले, त्यांचं म्हणणं माणूस आयुष्यभर जसा वागत आला तसाच पुढे वागायला बघतो, चाळिशीत एकलकोंडा असलेला माणूस ८० व्या वर्षी भजनीमंडळात रमेल ही अपेक्षा तुमची, त्याची नाही. मला त्या चाळीस मिनिटं गप्प बसलेल्या आजी आठवतात. त्या डिसएंगेज झाल्या होत्या का, का त्यांना नवीन माणसाशी बोलायला पहिल्यापासूनच वेळ लागायचा? हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि परीक्षेतसुद्धा असं लिहिलेलं उत्तर वेगळं दिसतं.

पॉल आणि मार्गरेट बाल्टेस यांचं एक मॉडेल आहे, निवड, सराव आणि भरपाई असं थोडक्यात म्हणता येईल. त्याचं उदाहरण सगळीकडे देतात ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं. ८० व्या वर्षी इतकं चांगलं कसं वाजवता असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेलं साधारण असं की आता कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त रियाज करतो, आणि जलद भाग येण्याआधीचा भाग मुद्दाम सावकाश घेतो म्हणजे पुढचा आपोआप जलद वाटतो. हे एकदा डोक्यात बसलं की तुम्हाला सगळीकडे रुबिनस्टाइन दिसायला लागतात, गुडघे दुखतात म्हणून तीन दुकानांऐवजी एकाच दुकानात जाणाऱ्या पण तिथे तासभर गप्पा मारणाऱ्या काकू दिसतात. त्या 'कमी झाल्या' नाहीयेत, त्यांनी डाव नीट मांडलाय.

स्टॅटिस्टिक्सला घाबरून पळू नका, प्लीज. या विषयातल्या निम्म्या चुका एकाच गोष्टीतून होतात, वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम यांची गल्लत. आज २५ वर्षांच्या आणि ७५ वर्षांच्या माणसांना एकच बुद्धीची चाचणी दिली आणि तुलना केली तर वाटतं बुद्धी तिशीपासूनच घसरतेय. पण वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलमध्ये अभ्यास सुरू केला, दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासलं, आणि चित्र वेगळंच निघालं, बऱ्याचशा क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकून राहतात. आधीच्या तुलनेत जी घसरण दिसत होती तिचा बराच भाग म्हणजे जुन्या पिढीला शाळा कमी मिळाली होती, एवढाच. हा फरक कळला की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'चाळिशीनंतर मेंदू' छाप मेसेजेसचं काय करायचं तेही कळतं.

बायॉलॉजीत हेफ्लिक यांचं १९६१ चं काम, म्हणजे माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात, आणि २०१३ मधला 'हॉलमार्क्स ऑफ एजिंग' हा पेपर, ज्यात म्हातारपणाची नऊ लक्षणं मांडली होती आणि २०२३ मध्ये त्यांची बारा झाली, एवढं नीट समजून घ्या. पुढे लॅबमध्ये जायचं नसेल तर याहून खोलात शिरायची गरज नाही असं माझं मत आहे, आमच्या बायॉलॉजीच्या मॅडमना ते पटत नाही.

हातात पाहिजेत अशी हत्यारं

फील्डवर जायच्या आधी चार गोष्टी इतक्या सरावाच्या करा की कागद बघावा लागणार नाही. कात्झ यांची १९६३ ची यादी, सहा रोजची कामं: अंघोळ, कपडे, संडास, खाटेवरून खुर्चीत जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची यादी, आठ जरा वरची कामं: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचा हिशोब. लक्षात ठेवा, दुसऱ्या यादीतली कामं सहसा आधी निसटतात, त्यामुळे एखादे काका व्यवस्थित आंघोळ करून इस्त्रीच्या शर्टात समोर बसलेत म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, वीजबिल कोण भरतं ते विचारा. आणि 'तुम्हाला करता येतं का' आणि 'तुम्ही करता का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, घरचे करू देत नाहीत म्हणून न करणारे खूप असतात.

तिसरी म्हणजे टाइम्ड अप अँड गो टेस्ट, १९९१ ची. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून पुढची तपासणी करायला सांगतात. सेकंदांपेक्षा मला बघायला आवडतं ते वळताना पाय कसे पडतात आणि उठताना हात कुठे टेकतात. हॉस्टेलमध्ये एकमेकांवर सराव करा, हसाल, पण करा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यात चुकलं तर माणसं जिवानिशी जातात. डेलिरियम, डिमेन्शिया आणि डिप्रेशन, या तिघांतला फरक. डिमेन्शिया महिने-वर्षं घेत येतो. डेलिरियम तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, माणूस कधी भ्रमिष्टासारखा बोलतो तर कधी नुसता गप्प, पेंगुळलेला पडून राहतो, आणि कारण बऱ्याचदा शोधण्यासारखं असतं, इन्फेक्शन, नवीन गोळी, पाणी कमी पडणं, लघवी अडकणं. डिप्रेशनमधला माणूस प्रश्न विचारला की प्रयत्न न करताच 'माहीत नाही' म्हणून टाकतो. निदान आपण करायचं नसतं, पण 'परवापर्यंत ठीक होत्या, कालपासून ओळखत नाहीत' हे वाक्य घरच्यांकडून काढून घेऊन डॉक्टरपर्यंत त्याच दिवशी पोचवणं हे आपलं काम. 'वयामुळे विसरतात हो' म्हणून ते वाक्य हवेत गेलं तर मोठी किंमत मोजावी लागते.

औषधांचंही तसंच. पाच किंवा जास्त औषधं एकदम चालू असली की साधारण पॉलीफार्मसी म्हणतात. एका गोळीने पाय सुजतात, सुजेसाठी दुसरी गोळी, तिने रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, अंधारात जाताना माणूस पडतो, आणि फाइलमध्ये लिहिलं जातं 'वयोमानानुसार तोल जातो'. गोळ्या बदलायचा अधिकार तुम्हाला नाही, पण घरातल्या सगळ्या गोळ्या, डब्यातल्या, पर्समधल्या, शेजाऱ्याने दिलेल्या, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर नेऊन ठेवायला सांगण्याचा अधिकार नक्की आहे.

फील्डवर्क, म्हणजे खरा कोर्स

माझी पहिली होम व्हिजिट. मी फॉर्म घेऊन बसले, मुलगी फटाफट उत्तरं देत होती, मी फटाफट लिहीत होते, चाळीस मिनिटांत सगळा फॉर्म भरला, खूश होते. बाहेर आल्यावर सुपरवायझरनी एकच विचारलं, आजींचा आवाज कसा आहे गं? मला सांगता येईना. आजी समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि मी त्यांना एक शब्द बोलू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी परत गेले, मुलीला म्हटलं तुम्ही जरा आत बसता का, आणि मग कळलं की 'जेवत नाहीत' असं जे मी लिहून आणलं होतं त्याचं कारण दाताची कवळी टोचत होती आणि खर्च होईल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून नियम केलाय, पहिला प्रश्न म्हाताऱ्या माणसालाच, आणि उत्तर यायला वेळ लागला तर मनातल्या मनात दहा मोजायचे. दहा सेकंद फार लांब वाटतात. मोजा तरीही.

ऐकू कमी येणाऱ्यांवर ओरडू नका. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ असली व्यंजनं निसटतात, आणि ओरडलं की आवाज अजून वर चढतो आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो ते वेगळंच. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू दे, टीव्ही बंद करा, आवाज जरा खालच्या पट्टीत, सावकाश. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. आमचे ते तिसरे आजोबा एवढ्यावर दोन तास बोलले असते.

डिमेन्शिया असलेल्या माणसाला 'ओळखलंत का मला?' असं विचारणं बंद करा. ती परीक्षा आहे आणि तिच्यात ते नापास होणार हे तुम्हाला माहितीये. सरळ नाव सांगा, रोज सांगा. टॉम किटवुड यांनी डिमेन्शियाच्या काळजीबद्दल जे लिहिलं त्याचा गाभा हाच की आजार मेंदूत असतो, पण माणसाची अवस्था आजूबाजूचे त्याच्याशी कसं वागतात त्यावरही ठरते, घाई करणं, त्याच्या डोक्यावरून बोलणं, खोटं बोलून फसवणं, या साध्यासाध्या गोष्टींनी माणूस खचतो. वॉर्डात एक दिवस नुसतं बसून मोजा, एका तासात किती वेळा कुणी कुणाला न विचारता उचललं, हलवलं, पुसलं. मी मोजलं होतं. आकडा सांगत नाही, तुम्ही तुमचा काढा.

धोका आणि स्वातंत्र्य यांची ओढाताण रोज होते. ८१ वर्षांच्या काकांना वरच्या मजल्यावरच्या खोलीतच राहायचंय, मुलगा म्हणतो खाली या, पडाल. पुस्तकात याचं उत्तर नाही. काकांना धोका कळतोय का, त्याचा विचार करून ते बोलतायत का, हे आधी बघायचं, कळत असेल तर निर्णय त्यांचा, मग कठडा, दिवा, पायऱ्यांच्या कडा हे आपलं काम. मुलाची भीतीसुद्धा खरी असते हे विसरू नका, त्यालाही ऐकून घ्यावं लागतं, सांभाळणारा माणूस मोडला की सगळंच मोडतं.

आणि छळाकडे डोळेझाक करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे समाजात राहणाऱ्या ६० च्या पुढच्या साधारण सहा जणांमागे एकाला वर्षभरात कुठल्यातरी प्रकारचा छळ सोसावा लागतो, त्यात पैसे काढून घेणं, दुर्लक्ष, शिव्याशाप सगळं आलं. संशय आला तर स्वतः डिटेक्टिव्ह बनायचं नाही, घरच्यांना जाबही विचारायचा नाही, सुपरवायझरला त्याच दिवशी लेखी सांगायचं. तक्रार कुणाकडे आणि किती वेळात करायची हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, ते प्लेसमेंटच्या (म्हणजे फील्डवर्कसाठी नेमलेल्या जागेच्या) पहिल्या दिवशीच विचारून वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. प्लेसमेंट संपायच्या आत तुमच्या ओळखीचं कुणीतरी जाणार. सोमवारी जाल आणि खाट रिकामी असेल, चादर बदललेली. रडू आलं तर रडा, पण त्या आठवड्यात सुपरवायझरशी बोला, पुढे ढकलू नका. मी ढकललं, आणि पुढचे दोन महिने नवीन कुणाचं नावच लक्षात ठेवत नव्हते, मुद्दाम नाही, आपोआप. हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं, बरोबरीच्या मुलीने दाखवून दिलं.

नोकऱ्या

फक्त वृद्धाश्रमातच काम असतं असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. हॉस्पिटलमधून घरी सोडताना पुढची व्यवस्था लावणारे, घरोघरी जाऊन केस सांभाळणारे, निवासी संस्था चालवणारे, मेमरी केअरमधले ॲक्टिव्हिटीवाले, सांभाळणाऱ्या कुटुंबांचे गट चालवणारे, पॅलिएटिव्ह (म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या) टीममधले, विमा आणि पेन्शनच्या कंपन्यांतले, ॲप आणि उपकरणं म्हाताऱ्या माणसांना वापरता येतायत का ते तपासणारे, शहराचं नियोजन करणारे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठांना सोयीच्या शहरांबद्दल जी गाइड काढली ती ३३ शहरांतल्या लोकांशी बोलून केली होती, आणि त्यात बसच्या पायरीपासून बाकापर्यंत सगळं आहे, फुकट वाचायला मिळते, वाचा. कामाची कमतरता पडणार नाही, २०३० पर्यंत जगात दर सहा माणसांत एक ६० च्या पुढचा असेल आणि २०५० पर्यंत ८० च्या पुढचे ४२ कोटींच्या वर जातील असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. पण कामं खूप आणि पगार चांगला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, थेट काळजी घेण्याच्या कामात पगार बऱ्याच ठिकाणी कमीच असतो, मॅनेजमेंट, धोरण, संशोधन इकडे जरा बरा. हे आधी माहीत असलेलं बरं.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण वरचं थोडं तरी केल्याशिवाय अर्जात लिहायला काही नसतं. 'लहानपणापासून मी आजीची लाडकी' हे वाक्य काढून टाका, तपासणाऱ्यांनी ते शंभर वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी त्या तीन भेटींपैकी एक लिहा, तुमचा अंदाज कुठे चुकला ते लिहा. नावं बदला, ओळख पटेल असं काही ठेवू नका, कारण गोपनीयता कळते की नाही हेही ते तिथेच बघतात.

इंटरव्ह्यूत एजिझमवर, म्हणजे वयावरून माणसाला कमी लेखण्यावर, प्रश्न येतोच. हा शब्द रॉबर्ट बटलर यांनी १९६९ च्या सुमारास रुळवला, तेच पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेचे पहिले संचालक झाले. व्याख्या सांगून थांबू नका. बेका लेव्ही या संशोधिकेचा २००२ चा अभ्यास सांगा, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ते वाईट मत असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले असं त्यात दिसलं, आणि ती माणसं कुठली होती माहितीये, ५० च्या पुढची, त्याच ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावची. लगेच पुढे हेही म्हणा की नुसता संबंध दिसला म्हणजे तेच कारण असं ठामपणे म्हणता येत नाही, तब्येत, पैसा, एकटेपणा वगैरे त्यांनी हिशोबात धरलं होतं तरीसुद्धा. समोरच्यांना हे आवडतं.

मला शेवटी एका बाईंनी विचारलं होतं, तुम्ही स्वतः ८५ च्या व्हाल तेव्हा सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय कराल? सगळी तयारी करून गेले होते आणि मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले, कारण मी ८५ ची होणार हा विचार मी त्या क्षणापर्यंत एकदाही केला नव्हता. तुम्ही तो आधी करा. एक पान लिहा, कोण सोबत असेल, खोली कुठली, चहा कोण करेल, न करता आलं तर कुणाला हाक माराल. अर्जाला जोडायचं नाही, घरीच ठेवायचं.